तोंड उघडं असताना

दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला किळस परवडत नाही. नळीवालीने ती सुरुवातीलाच सोडून दिली होती. लाळ ओढून घेणारी नळी पेशंटच्या तोंडात धरायची, दुसऱ्या हाताने गाल बाजूला ओढायचा आणि आत जे काही असेल त्याच्याकडे सरळ बघायचं, हे तिचं काम. खुर्चीला घाबरून रडणाऱ्या पोरांनी तिला हे नाव पाडलं होतं आणि ते तिला चिकटलं. दातांवरची पिवळी पुटं, जिभेवरची बुरशी, दाढेत आठवडाभर मुरलेला घास, पुवाचा तो गोडसर, नाकातून न जाणारा वास, सगळं तिने पाहिलं होतं, हुंगलं होतं आणि घरी जाऊन पोटभर जेवलीही होती.

तिच्या पोटात ढवळायचं ते डॉक्टरांचा आवाज मऊ झाला की.

एरवी तो आवाज चांगला खणखणीत होता. "आ करा. चूळ भरा. पुढचा कोण आहे?" पण एकदा का माणूस खुर्चीत आडवा झाला, छातीवर निळा कागद लागला आणि तोंडात कापसाचे बोळे बसले, की तोच आवाज मधात बुडवून काढल्यासारखा यायचा. "काय हो, कधी मनात येतं का, की हे सगळं कशासाठी चाललंय?" बिचारा पेशंट काय सांगणार? तो म्हणायचा, "आँ." डॉक्टर म्हणायचे, "अगदी बरोबर." आणि मग जे सुरू व्हायचं ते दाढ भरून होईपर्यंत. कधीकधी तर दाढ भरून झाली तरी संपायचं नाही. डॉक्टर नुसताच आरसा आत धरून ठेवायचे, म्हणजे तोंड मिटता येऊ नये.

डॉक्टर आणि नळीवाली एकाच चर्चच्या मंडळीतले. रविवारी एकाच उपासनेला बसायचे, डॉक्टर पुढच्या बाकावर, ती मागे खांबाजवळ. नोकरीही त्या ओळखीतूनच मिळालेली. चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की येशूची सुवार्ता सांगायला लांब कुठे जायला नको, जिथे काम करता तिथेच सांगा, आणि रविवारी उभं राहून त्याची साक्ष द्या. सांगण्यात चूक काहीच नव्हती. पण ते जमायला पाहिजे ना! मंडळीतल्या, बँकेत काम करणाऱ्या बाईने खिडकीतून प्रभूचं नाव काढलं की मागून रांग ओरडायची, "ओ बाई, आटपा." मंडळीतल्याच भाजीवाल्याचं गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू पडायचं. ज्याची जीभ मोकळी आहे तो माणूस उलट बोलतो, विषय बदलतो, नाहीतर सरळ घड्याळ बघतो. डॉक्टरांचं गिऱ्हाईक कुठे जाणार?

"तोंड उघडं, कान उघडे!" डॉक्टर म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचे.

खुर्चीच्या बरोब्बर वर, छताला, त्यांनी एक पाटी ठोकून घेतली होती. निळ्या ठळक अक्षरांत: 'आज रात्री मेलात तर कुठे जाल?' भुलीचं इंजेक्शन घेऊन उताण्या पडलेल्या माणसाला हे वाचायला लावायचं म्हणजे हद्द झाली. पाटीवर धूळ बसली की स्टुलावर चढून ती पुसायचं कामही नळीवालीचंच.

आणि रविवारी साक्षी. डॉक्टर उठायचे, कोटाचं बटण लावायचे. "या आठवड्यात एका शिक्षिकेने अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं. एक शब्द उलट बोलली नाही." लोक माना डोलवायचे. मागे खांबाजवळ नळीवाली पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत बसायची. त्या शिक्षिकेच्या तोंडात तेव्हा दातांचं माप घ्यायचा लगदा भरलेला होता. ओकारी दाबता दाबता तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती, आणि तिचे पाय खुर्चीवर कसे आखडले होते हे नळीवालीने पाहिलं होतं. शांतपणे म्हणे!

बोलावं असं तिला दर रविवारी वाटायचं. आणि दर रविवारी ती गप्प बसायची, कारण नोकरी, कारण उपकार, कारण चारचौघांत कशाला. ही कारणं कुणालाही पाठ असतात.

घरी तिचे सासरे होते. नवरा मालाच्या ट्रकवर, आठवड्यातला अर्धा वेळ बाहेर, त्यामुळे घरात सून आणि सासरा दोघंच. म्हातारा जन्मभर टेलर. पुढच्या दातांना दोरा तोडून तोडून खाच पडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि जीभ कात्रीसारखी. देवाधर्माचं त्याला वावडं. तिने लग्न मंडळीबाहेर केलं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी तोंडं वाकडी केली होती, पण ह्याने तिला पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "सूनबाई, तुझा देव जेवणाच्या आधी बोलू देतो ना? मला बडबडल्याशिवाय घास उतरत नाही."

संध्याकाळी ती त्याला पेपर वाचून दाखवायची. एक दिवस पेपर आलाच नाही. म्हातारा वैतागून म्हणाला, "मग तुझं ते पुस्तक आण. जुनी असली तरी बातमीच ना?" तिने बायबल आणून वाचलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला, तरी त्याने आधी पुस्तक मागितलं.

आणि मग ते रोजचंच झालं. म्हातारा ऐकताना गप्प बसायचा नाही. येशूच्या पाण्यावर चालण्याची गोष्ट आली तर म्हणायचा, "नावेत जागा नव्हती का?" एका पोराच्या पाच भाकरींत हजारो जेवल्याची गोष्ट आली तर म्हणायचा, "पोराच्या आईला सांगितलं का कुणी?" ती हसायची, चिडायची, पुढे वाचायची. तिने त्याला काही पटवून द्यायचा प्रयत्न कधी केला नाही. एकदा त्या आंधळ्याची गोष्ट आली. रस्त्याच्या कडेला बसून ओरडणारा आंधळा, सगळे त्याला दटावतात, आणि येशू थांबून त्यालाच विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू. म्हाताऱ्याने तिला तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली.

"विचारलं?" तो म्हणाला. "समोर आंधळा दिसतोय, तरी विचारलं?"

"हो बाबा. असंच आहे."

"हे बरं केलं त्याने. कुणी विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "उद्या इथूनच पुढे वाच."

त्या 'उद्या'चा नळीवालीला केवढा आनंद झाला! स्वयंपाकघरात जाऊन तिने डोळे पुसले. तिला म्हाताऱ्याच्या आत्म्याचं तारण मोजून कुणाला दाखवायचं नव्हतं. तिला फक्त संध्याकाळचा तो वेळ हवा होता, आणि तो मोडू नये एवढंच तिचं मागणं होतं.

मोडला तो एका दाढेपायी.

म्हाताऱ्याचा डावा गाल सुजला. आधी लवंग, मग मिठाचं पाणी, मग नुसत्या शिव्या. गाल डोळ्यापर्यंत चढला, अन्न जाईना, आणि तोंडाला तो वास यायला लागला. नळीवालीने ओळखला. पू झाला होता.

"चला उद्या दवाखान्यात."

"तुझ्या त्या भाषणवाल्याकडे? मरेन, पण नाही येणार." घरात डॉक्टरांची नक्कल तिनेच करून दाखवली होती, तेव्हा हसून हसून म्हाताऱ्याला ठसका लागला होता. आता ते हसू तिच्याच अंगाशी आलं.

"मी सांगते त्यांना. एक शब्द बोलणार नाहीत. माझी जबाबदारी."

म्हाताऱ्याने सुजल्या गालाने तिच्याकडे बघितलं. "तुझी जबाबदारी?"

"माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरांना गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "डॉक्टर, आज माझे सासरे येणार आहेत. त्यांना ते... नको. एक शब्दही नको. मी शब्द दिलाय."

"अगं, त्यात काय!" डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. "तुझे सासरे म्हणजे माझ्या वडिलांसारखे. शब्द."

म्हातारा आला तो नटून आला. स्वतः शिवलेला पांढरा शर्ट, कडक कॉलर. कॉलर हा त्याचा जन्माचा अभिमान. अशी कॉलर आता कुणाला येत नाही, असं तो दिसेल त्याला सांगायचा. खुर्चीत आडवा झाला, छताकडे बघितलं, डोळे बारीक करून अक्षरं लावायचा प्रयत्न केला. नशिबाने मोतीबिंदू आड आला.

"काका, दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार," डॉक्टर म्हणाले. हे ते प्रत्येकालाच सांगायचे.

इंजेक्शन दिलं. आता पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, आधी गोळ्या देऊन सूज उतरवावी लागते, हे डॉक्टरांनीच तिला केव्हातरी शिकवलेलं. तिने त्यांच्याकडे बघितलं. ते चिमटा शोधत होते. संध्याकाळी त्यांच्याकडे घरगुती प्रार्थनासभा होती, पाळकसाहेब येणार होते, आणि बाहेर अजून पेशंट बसले होते. तिला वाटलं, डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल. हेही कारण पाठच असतं.

चिमटा लागला. कडकन आवाज झाला आणि दाढ वरच्या वर तुटली. मुळं आतच राहिली. म्हाताऱ्याचं सगळं अंग खुर्चीतून उचललं गेलं आणि डावा हात वर गेला. सरळ वर, पाटीच्या दिशेने, बोटं ताठ.

डॉक्टर थांबले. थांबायलाच हवं होतं. पण त्यांनी काय केलं, तर तो वर आलेला हात आपल्या हातात घेतला, आणि आवाज मऊ झाला.

"काका," ते म्हणाले, "हे दुखणं काहीच नाही हो. ज्याने तुमच्यासाठी खिळे सोसले..."

"डॉक्टर," नळीवाली हळूच म्हणाली, "भूल चढली नाहीये."

"श्श." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांचे डोळे चमकत होते. समोर उघडं तोंड, हातात हात, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. अशी संधी त्यांना बापजन्मात मिळाली नव्हती. शब्दाचं काय, तो त्यांनी माणसाला दिला होता, आणि हे तर देवाचं काम! "काका, हे अश्रू वाया जाऊ देऊ नका. आपण प्रार्थना करू या. तुम्ही फक्त मनात हो म्हणा. हे स्वर्गीय पित्या..."

आणि इथे नळीवालीकडून जे झालं ते तिने पुढे कधी स्वतःला माफ केलं नाही. ती जन्मापासून मंडळीत वाढलेली. 'स्वर्गीय पित्या' म्हटलं की मान खाली आणि डोळे बंद, हे तिच्या अंगात मुरलेलं. एका हातात नळी, दुसऱ्या हातात सासऱ्याचा गाल, आणि तिने डोळे मिटले. विचार केला नाही, ठरवलं नाही. सवयीने मिटले.

प्रार्थना लांबली. डॉक्टरांनी मंडळी घेतली, देश घेतला, हरवलेले सगळे घेतले. मधे म्हाताऱ्याच्या घशातून गुळगुळल्यासारखा आवाज येत होता, तो तिने ऐकला, आणि प्रार्थना मधेच कशी मोडायची म्हणून डोळे उघडले नाहीत.

"...येशूच्या नावाने मागतो."

"आमेन," नळीवाली म्हणाली. चांगली स्पष्ट. मंडळीत म्हणायची तशी.

डोळे उघडले तर नळी गालातून सरकून हवा ओढत होती. रक्त, लाळ आणि पू म्हाताऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर आणि गळ्यावरून त्या पांढऱ्या कॉलरवर उतरले होते. आणि म्हातारा तिच्याकडे बघत होता. डॉक्टरांकडे नाही, तिच्याकडे.

"मुळं येतील आपोआप वर," डॉक्टर हात धूत म्हणाले. "देवाची केवढी कृपा! नाही का गं?"

नळीवालीच्या हाताला जे लागलं होतं त्याची तिला किळस नव्हती. हातमोजे काढले, साबण लावला, तरी काहीतरी लागूनच राहिलं.

घरी जाताना म्हातारा बोलला नाही. तोंडात कापूस होता, म्हणून नाही. दारात चपला काढताना तेवढा बोलला, जड जिभेने.

"दुखत मला होतं. आमेन तू म्हणालीस."

त्या संध्याकाळी तिने पेपर आणि पुस्तक दोन्ही त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. म्हाताऱ्याने पेपर उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि स्वतःच एकेक अक्षर लावत बसला. तिने दुधात पाव कुस्करून दिला, तो त्याने निमूट गिळला. कॉलर तिने घासली, भिजवली, पुन्हा घासली. डाग पिवळट होऊन राहिला. रात्री गाल पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. घरात शिव्या नव्हत्या, टोमणे नव्हते. ज्या माणसाला बडबडल्याशिवाय घास उतरत नव्हता तो भिंतीकडे तोंड करून जेवत होता.

मग रविवार आला. डॉक्टर उठले, कोटाचं बटण लावलं.

"आज माझं मन भरून आलंय," ते म्हणाले. "आपल्याच एका बहिणीच्या घरातला वृद्ध माणूस. जन्मभर अंधारात. माझ्या खुर्चीत त्यांनी स्वतः होऊन माझ्यापुढे हात केला. मी तो धरला. डोळ्यांतून पश्चात्तापाचे अश्रू वाहत होते, भावांनो. आणि आपली बहीण शेजारी उभी राहून आमेन म्हणत होती."

सगळी मंडळी वळली. मागे, खांबाकडे. कौतुकाने भरलेले चेहरे, ओलसर डोळे, कुणीतरी टाळीही वाजवली. नळीवालीला भर उपासनेत मळमळलं. त्या लगद्याने शिक्षिकेला झालं असेल तसं.

ती उठली. खांबाला धरून उठली.

"त्यांनी हात पुढे केला नव्हता," ती म्हणाली. "वर केला होता. दुखलं तर वर करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून केला. भूल चढली नव्हती. दाढ तुटली होती. पश्चात्ताप कसला, त्यांचा जीव चालला होता." आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "डॉक्टरांनी शब्द दिला होता, एक अक्षर बोलणार नाही म्हणून. आणि मी डोळे मिटून उभी होते. मी आमेन म्हणाले. ती शिक्षिका पण... तिच्या तोंडात लगदा होता. कुणी ऐकत नाही तिथे. त्यांना तोंड मिटता येत नाही, एवढंच."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डॉक्टरांचा चेहरा क्षणभर उतरला. नंतर, तिच्या डोळ्यांदेखत, त्यावर ते मऊपण पसरत गेलं.

"माझ्या बहिणीला मी क्षमा करतो," ते म्हणाले. "तिच्या मनावर ताण आहे. सैतान अशाच वेळी कडवटपणा पेरतो. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या..."

आणि सगळ्यांनी डोळे मिटले. बँकेतल्या बाईने मिटले, भाजीवाल्याने मिटले, पाळकसाहेबांनी सुटल्यासारखे मिटले. ओळीने खाली गेलेल्या माना, मिटलेल्या पापण्या, आणि वरून तो मधाळ आवाज तिचं नाव घेऊन तिच्यासाठी काहीबाही मागतोय. नळीवाली डोळे उघडे ठेवून उभी राहिली. प्रार्थना चालू असताना मंडळी कशी दिसते हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती वाईट माणसं नव्हती. तिच्या बाळंतपणात, जे पोर राहिलं नाही त्या बाळंतपणात, ह्याच बायकांनी तिला डबे पोचवले होते. म्हणून तर जास्त शिसारी आली. एकानेही डोळा किलकिला करून तिच्याकडे बघितलं नाही.

"आमेन," सगळे म्हणाले.

ती नाही म्हणाली. पिशवी उचलली आणि बाहेर पडली.

सोमवारी तिने दवाखान्यात जाऊन पांढरा कोट घडी घालून टेबलावर ठेवला. डॉक्टर आत कुणाला तरी विचारत होते की कधी मनात येतं का. "आँ," आतून आलं.

घरी येऊन ती सासऱ्यासमोर उभी राहिली. पुस्तक नव्हतं, पेपर नव्हता. हात मोकळे होते.

"बाबा," ती म्हणाली, "काय करू मी तुमच्यासाठी?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याने कुठे ऐकला होता ते त्याला आठवलं असणार, कारण त्याच्या तोंडाचा चांगला कोपरा जरासा हलला. पण हसू काही आलं नाही.

"दात," तो म्हणाला. "बाकी काही नको."

दुसरी दातांची डॉक्टरीण हार्डवेअरच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर. बाई तिरसट म्हणून गावभर प्रसिद्ध. आत बघितलं आणि तिचा पारा चढला. "मुळं आत ठेवून घरी पाठवलं? कोण तो शहाणा? आणि तुम्ही इतके दिवस काय करत होता, मुहूर्त बघत होता?" आधी गोळ्या दिल्या, सूज उतरवली, मग बोलावलं. नळीवाली कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. नळी धरायला दुसरी मुलगी होती. नळीवालीने छताकडे बघितलं. तिथे एक दिवा होता आणि पाण्याची ओल.

"हात वर केलात की मी थांबेन," डॉक्टरीण म्हणाली.

इंजेक्शन दिलं. वाट बघितली. टोचून बघितलं, पुन्हा वाट बघितली. मग हत्यार आत गेलं मात्र, म्हाताऱ्याचा हात वर गेला.

बाई थांबली. "दुखलं?"

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही.

"मग?"

त्याने तोंड पुन्हा उघडलं. बाईने काम सुरू केलं. जरा वेळाने हात पुन्हा वर. बाई पुन्हा थांबली. हत्यार बाहेर, स्वतःचे दोन्ही हात वर. "दुखतंय?" नाही. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा, माझी परीक्षा घेताय का?"

म्हाताऱ्याने मान हलवली. हो.

"घ्या," ती फणकाऱ्याने म्हणाली. "बाहेर माणसं खोळंबलीत, पण घ्या." आणि त्यानंतरही हात वर गेला की ती दर वेळी थांबली. वैतागून, पुटपुटत, पण थांबली. कोपऱ्यात नळीवालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही, कारण पुसायचं तर डोळे मिटावे लागले असते, आणि डोळे तिला मिटायचे नव्हते.

मुळं निघाली. जिना उतरून दोघं रस्त्याला लागले. म्हाताऱ्याच्या गालात कापूस, जीभ बधिर, तरी त्याला बोलल्याशिवाय राहवेना.

"माझ्या धंद्यात," तो म्हणाला, "तोंडात टाचण्या असायच्या. गिऱ्हाईक हात वर करून उभं, आणि मी गप्प. बोलायची सोयच नव्हती. म्हणून गिऱ्हाईक टिकलं."

इतक्या दिवसांनी त्याने तिला काहीतरी सांगितलं होतं. ती जपून म्हणाली, "हो बाबा."

थोडं चालून तो थांबला. "ह्या बाईला तुझ्या देवाचं माहीत आहे का?"

"मला नाही माहीत."

"मग सांगू नकोस." म्हाताऱ्याने मागे वळून त्या जिन्याकडे बघितलं. "चांगली बाई आहे. बिघडेल."

तिने त्याचा कोपर धरून त्याला पुढे वळवलं. दोघं चालत राहिले. कोपऱ्यावर म्हातारा अडखळला, गालाशी हात नेला, इकडेतिकडे बघायला लागला. कापूस रक्ताने आणि लाळेने भरून तोंडात मावत नव्हता. आसपास कचऱ्याचा डबा नव्हता, गटार नव्हतं, दुकानासमोर लोक उभे होते. त्याचे डोळे घाबरल्यासारखे झाले.

नळीवालीने आपला हात त्याच्या हनुवटीखाली धरला. हातमोजा नव्हता.

म्हाताऱ्याने त्या तळव्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"किळस नाही येत?" तो कापसातून म्हणाला.

"येते."

"मग?"

"थुंका, बाबा."